ताप-खोकल्याच्या आजारात पक्षाघात झाला तर उपचार थांबवायचे का?

चार दिवस ताप, कोरडा खोकला, अंग मोडून आल्यासारखं. पाचव्या दिवशी सकाळी उजव्या हातातून पाण्याचा पेला निसटतो, जीभ जड होते, ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला दिसतो. घरातले म्हणतात, चार दिवस पोटात अन्न नाही, अशक्तपणा आलाय, पडू दे जरा. दुपार होते, तापाची गोळी दिली जाते. संध्याकाळी हात पूर्ण लुळा पडतो तेव्हा धावपळ सुरू होते, आणि तोवर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याची मुदत उलटून गेलेली असते.

फ्लू, कोविड किंवा श्वसनमार्गाचा दुसरा एखादा विषाणू अंगात असताना होणाऱ्या पक्षाघाताची ही मोठी अडचण आहे. एक आजार दुसऱ्याची लक्षणं झाकतो. रुग्णालयात पोचल्यावरही प्रश्न संपत नाहीत. संसर्ग असताना हे इंजेक्शन द्यायचं का? मेंदूत रक्तस्राव झाला तर? छातीत कफ भरलेला असताना गुठळी काढायला न्यायचं का? नातेवाईक हे प्रश्न विचारतात, आणि २०२० मध्ये ते डॉक्टरांनाही पडले होते. आता त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं हातात आहेत. थोडक्यात सांगायचं तर संसर्ग असला तरी पक्षाघाताचे उपचार तेच, आणि तितक्याच घाईने करायचे. पण "संसर्ग असलेल्या रुग्णांमध्ये परिणाम वाईट दिसले" असं वाचून पुष्कळांचा उलटा समज होतो. तो समज धोकादायक आहे, म्हणून जरा खोलात जाऊ.

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते तो एक, आणि रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडतं तो दुसरा. पहिला जास्त आढळतो आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. पुढे जिथे जिथे मिनिटांचा उल्लेख येईल, तिथे हा आकडा लक्षात ठेवा.

विषाणू फुप्फुसात, गुठळी मेंदूत

श्वसनाचा विषाणू नाकाघशात आणि फुप्फुसात वाढतो. मग मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी का बंद पडावी?

कारण शरीराची लढाई फुप्फुसापुरती राहत नाही. विषाणूशी झुंजताना रोगप्रतिकारक पेशी रक्तात सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांतल्या इंटरल्युकिन-६ च्या इशाऱ्यावर यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवू लागतं, आणि गुठळीचं जाळं विणलं जातं ते याच फायब्रिनोजेनपासून. प्लेटलेट अधिक चिकट होतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर फेकून जंतूंना अडकवतात. त्याच धाग्यांत रक्तपेशीही अडकतात आणि गुठळीला सांगाडा मिळतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एरवी रक्त वाहतं ठेवण्यासाठी झटत असतं. सूज आली की तेच अस्तर रक्त गोठायला मदत करू लागतं.

ज्यांच्या मानेतल्या किंवा मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर साचलेले असतात, त्यांच्यात आणखी एक गोष्ट घडते. सुजेमुळे त्या थरांवरचं आवरण कमकुवत होऊन फाटतं, आणि फाटलेल्या जागी काही मिनिटांत गुठळी धरते. शिवाय जोराच्या तापात हृदयाची लय बिघडू शकते. वरच्या कप्प्याची नुसती थरथर होत राहिली, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झालं, की तिथे रक्त साकळतं आणि त्यातली एखादी गुठळी थेट मेंदूत जाते. ताप, घाम आणि न खाण्यापिण्यामुळे अंगातलं पाणी घटतं, रक्त दाट होतं, ते वेगळंच.

हा सगळा तर्क झाला. माणसांमध्ये खरोखर असं दिसतं का, हे तपासणं सोपं नाही, कारण ज्यांना फ्लू होतो आणि ज्यांना होत नाही ते लोक मुळातच वेगळे असू शकतात. वय, धूम्रपान, मधुमेह, घरची परिस्थिती अशा किती गोष्टी मध्ये येतात! यावर संशोधकांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. माणसाची तुलना दुसऱ्याशी करायचीच नाही, त्याची त्याच्याशीच करायची. पक्षाघात झालेल्या माणसाच्या आयुष्यातले संसर्गाचे दिवस आणि बिनसंसर्गाचे दिवस वेगळे काढायचे आणि पक्षाघात कोणत्या दिवसांत जास्त झाले ते बघायचं. माणूस तोच, त्याचं धूम्रपान तेच, मधुमेह तोच. फरक फक्त संसर्गाचा.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदींवर अशा पद्धतीने केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वसनसंसर्ग झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचं प्रमाण त्याच माणसाच्या एरवीच्या दिवसांच्या ३.१९ पट होतं, आणि पुढच्या आठवड्यांत ते हळूहळू उतरत गेलं. हाच अभ्यास लसींसाठीही केला होता. फ्लूची लस घेतल्यानंतरच्या दिवसांत असा चढ दिसला नाही. कोविडच्या काळात स्वीडनमध्ये ८६,७४२ रुग्णांच्या नोंदी अशाच तपासल्या गेल्या. तिथे संसर्गानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका सुमारे तिप्पट निघाला.

तिप्पट हा शब्द ऐकून घाबरून जायचं कारण नाही. एखाद्या निरोगी तरुणाला ठरावीक आठवड्यात पक्षाघात होण्याची शक्यता इतकी कमी असते की तिची तिप्पटही कमीच राहते. पण ज्यांचं वय जास्त आहे, ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, किंवा ज्यांना आधी एकदा पक्षाघात येऊन गेलाय, त्यांच्यासाठी तापाचे ते दोन आठवडे नीट लक्ष ठेवण्याचे असतात.

सगळे विषाणू सारखे नाहीत. न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णालयांत २०२० च्या वसंतात कोविड घेऊन आलेल्या १,९१६ रुग्णांपैकी ३१ जणांना गुठळीचा पक्षाघात झाला, म्हणजे १.६ टक्के. त्याच रुग्णालयांत आधीच्या काही वर्षांत फ्लू घेऊन आलेल्या १,४८६ रुग्णांत ही संख्या होती फक्त ३, म्हणजे ०.२ टक्के. लसी येण्याआधीच्या, साथीच्या पहिल्या लाटेतल्या गंभीर रुग्णांचे हे आकडे आहेत, ते आजच्या सौम्य कोविडला लावू नयेत. पण विषाणूने पेटवलेली सूज जितकी तीव्र तितका गुठळीचा धोका जास्त, हे त्यातून स्पष्ट दिसतं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधूनच ५० पेक्षा कमी वयाच्या पाच जणांची नोंद प्रसिद्ध झाली. पाचही जणांच्या मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या, आणि त्यांपैकी दोघांनी साथीत रुग्णालयात जायच्या भीतीने रुग्णवाहिका बोलवायला उशीर केला होता.

दारात पोचल्यावर काय होतं

गुठळीच्या पक्षाघातावर दोन मुख्य उपचार आहेत.

पहिला म्हणजे शिरेतून दिलं जाणारं गुठळी विरघळवणारं औषध, अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज. अल्टेप्लेजचा उपयोग १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने सिद्ध केला, तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ मधल्या युरोपीय चाचणीनंतर ती साडेचार तासांवर गेली. अल्टेप्लेज तासभर थेंबाथेंबाने द्यावं लागतं, टेनेक्टेप्लेज एकाच टोच्यात देऊन होतं. रुग्णाच्या खोलीत कमीत कमी वेळ थांबायचं असेल, जसं संसर्गात असतंच, तर हा फरक छोटा नाही.

दुसरा उपचार म्हणजे थ्रॉम्बेक्टॉमी. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात आणि जाळीने पकडून किंवा खेचून गुठळी बाहेर काढतात. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तेव्हा हा उपचार करतात. २०१५ मध्ये एकापाठोपाठ पाच चाचण्यांचे निकाल आले आणि चित्रच बदललं. २०१८ मध्ये आणखी दोन चाचण्यांनी दाखवलं की स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवता येण्यासारखा भाग शिल्लक दिसत असेल तर काही निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंतही याचा फायदा होतो.

आता यात श्वसनसंसर्ग आला तर काय बदलतं? नुसता विषाणूसंसर्ग आहे म्हणून या दोन्हींपैकी कोणताही उपचार नाकारला जात नाही. काही गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासाव्या लागतात.

गंभीर संसर्गात प्लेटलेट घटू शकतात. त्या एक लाखाच्या खाली असतील तर गुठळी विरघळवणारं औषध सहसा देत नाहीत. गंभीर कोविडच्या रुग्णांना रुग्णालयात हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलं जायचं. पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊ नये म्हणून दिलेला लहान डोस असेल तर अडचण येत नाही, पण पूर्ण डोस गेल्या २४ तासांत दिला असेल तर विरघळवणारं औषध टाळतात आणि गुठळी थेट काढण्याकडे वळतात. रक्तातली साखर तर सगळ्यांचीच आधी बघतात, कारण ती फार उतरली की हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणं दिसतात. चार दिवस न जेवता मधुमेहाच्या गोळ्या घेत राहिलेल्या माणसाच्या बाबतीत ही शक्यता खरीच असते.

ताप आणि पक्षाघात एकत्र दिसले की डॉक्टर आणखी एका गोष्टीच्या शोधात असतात, ती म्हणजे हृदयाच्या झडपांना झालेला जिवाणूसंसर्ग. तिथून सुटलेले संसर्गाचे गोळे मेंदूत गेले तर पक्षाघातच होतो, पण तिथे गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका खूप वाढतो. म्हणून छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयाचा आवाज ऐकणं, नखांखाली आणि डोळ्यांत बारीक लाल ठिपके शोधणं, या जुन्या पद्धतीच्या तपासण्या इथे अजूनही कामी येतात. मेंदूला विषाणूची सूज आली तरीही गोंधळ, बोलण्यात अडखळणं, फिट येणं अशी लक्षणं दिसतात. पक्षाघात मात्र बहुधा एका क्षणात येतो. "आत्ता बोलत होते आणि वाक्याच्या मध्येच थांबले" असं नातेवाईक सांगतात तेव्हा डॉक्टरांचे कान टवकारतात.

स्कॅनच्या खोलीतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या बघायला सीटी अँजिओग्राफी करतात तेव्हा यंत्र छातीच्या वरच्या भागापासून डोक्यापर्यंतची छायाचित्रं घेतं, कारण मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या तिथूनच निघतात. त्यात फुप्फुसांची टोकं आपोआप येतात. एरवी तिकडे ओझरती नजर टाकली जाते. २०२० मध्ये रेडिओलॉजिस्टना त्या टोकांवर धुरकट, काचेवर वाफ धरल्यासारखे डाग दिसू लागले आणि खोकला-ताप काहीच न सांगणाऱ्या रुग्णांचा कोविड तिथे पकडला गेला. मेंदूसाठी केलेल्या तपासणीतच फुप्फुसाची बातमी मिळाली, वेगळा वेळ गेला नाही.

आकडे वाईट आहेत, पण कशाशी तुलना करून?

साथीच्या काळात जगभरातल्या १०५ केंद्रांनी मिळून एक मोठी नोंद ठेवली. गुठळी विरघळवणारं औषध किंवा थ्रॉम्बेक्टॉमी मिळालेले १५,१२८ रुग्ण, त्यांपैकी ८५३ जणांना कोविड. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वय, आजाराची तीव्रता वगैरे फरक हिशेबात धरूनही कोविड असलेल्यांमध्ये मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होण्याची शक्यता सुमारे दीडपट निघाली. पहिल्या २४ तासांत मृत्यू होण्याची शक्यता जवळजवळ अडीचपट, तीन महिन्यांत मृत्यू होण्याची सुमारे १.९ पट. जे वाचले त्यांच्यातही अपंगत्व जास्त दिसलं.

हे वाचून कुणालाही वाटेल, मग संसर्ग असताना हे उपचार देऊच नयेत. इथेच थांबून नीट बघायला हवं. या नोंदीत दोन्ही बाजूंना उपचार मिळालेलेच रुग्ण आहेत. एका बाजूला कोविडसह उपचार, दुसऱ्या बाजूला कोविडशिवाय उपचार. उपचाराने कोविडच्या रुग्णाचं नुकसान झालं का, हे यातून कळूच शकत नाही. ते कळायला उपचार मिळालेले कोविडचे रुग्ण आणि उपचार न मिळालेले कोविडचे रुग्ण यांची तुलना लागेल. वादळी पावसात छत्री घेऊन निघालेला माणूस रिमझिम पावसात छत्री घेऊन निघालेल्यापेक्षा जास्त भिजतो. त्यावरून छत्रीमुळे माणूस भिजतो, असं कुणी म्हणत नाही.

रक्तस्रावाची भीतीही तपासून घेऊ. १९९५ च्या त्या मूळ चाचणीतसुद्धा, जिथे कोविड नव्हताच, अल्टेप्लेज मिळालेल्या ६.४ टक्के रुग्णांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. औषध न मिळालेल्यांत तो ०.६ टक्के होता. म्हणजे दहापटीहून जास्त. तरीही तीन महिन्यांनी हिशेब केला तेव्हा औषध मिळालेल्यांपैकी जास्त लोक जवळजवळ ठणठणीत होते. रक्तस्रावाचा धोका धरूनच हा फायदा निघाला आहे. संसर्गात तो धोका आणखी काहीसा वाढतो हे मान्य. पण बंद पडलेली रक्तवाहिनी तशीच सोडली तर काय होतं, हेही दुसऱ्या पारड्यात ठेवलंच पाहिजे, आणि ते पारडं बहुतेक वेळा जड असतं. नातेवाइकांना संमतीपत्रावर सही करायला सांगतात तेव्हा फक्त रक्तस्राव हा शब्द कानात राहतो, हे मी समजू शकतो. म्हणून त्या क्षणी डॉक्टरांना सरळ विचारावं की उपचार केला नाही तर काय होण्याची शक्यता आहे.

मग कोविड असलेल्यांचे परिणाम वाईट का? कारणं अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. एक तर पक्षाघातच जास्त तीव्र असतो. पक्षाघाताची तीव्रता ० ते ४२ गुणांच्या मापाने मोजतात, गुण जितके जास्त तितका झटका मोठा. २०२० च्या एका आंतरराष्ट्रीय नोंदीत कोविड असलेल्यांचा मध्यक, म्हणजे सगळ्यांचे गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १० होता, तर तशाच इतर रुग्णांचा ६. दुसरं, मेंदू वाचला तरी फुप्फुसं साथ देत नाहीत. मेंदूच्या अर्धवट उपाशी भागाला रक्त पोचलं, पण त्या रक्तात ऑक्सिजनच कमी असेल, तर काय उपयोग? रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९४ टक्क्यांच्या वर ठेवायचा प्रयत्न करतात तो यासाठीच.

तिसरं कारण वेळ. अमेरिकेतल्या पक्षाघाताच्या मोठ्या राष्ट्रीय नोंदीत दिसलं की कोविड नसलेल्या रुग्णाला रुग्णालयाच्या दारापासून इंजेक्शनपर्यंत पोचायला मध्यक ४६ मिनिटं लागत होती, कोविड असलेल्याला ५९. थ्रॉम्बेक्टॉमी सुरू व्हायला एकीकडे ९० मिनिटं, दुसरीकडे ११४. संरक्षक पोशाख चढवणं, चाचणीच्या निकालाची वाट बघणं, स्कॅनची खोली निर्जंतुक करणं यात ही मिनिटं गेली. सेव्हर यांच्या हिशेबाने पहिल्या फरकातली १३ मिनिटं म्हणजे सुमारे अडीच कोटी चेतापेशी. म्हणूनच २०२० मध्येच पक्षाघाताच्या पथकांनी कामाची नवी पद्धत बसवली. येणारा प्रत्येक रुग्ण संसर्गित आहे असं धरून चालायचं, त्याला लगेच मास्क लावायचा, पथकात मोजकी माणसं ठेवायची, आणि चाचणीच्या निकालासाठी उपचार अडवायचा नाही. निकाल नंतर येऊ दे.

घरून निघायलाच उशीर झाला त्याचा हिशेब यात नाही. ७० देशांतल्या ४५७ केंद्रांच्या पाहणीत साथीच्या पहिल्या चार महिन्यांत पक्षाघातासाठी दाखल होणारे रुग्ण ११.५ टक्क्यांनी घटलेले दिसले. पक्षाघात होणं अचानक कमी झालं, असं मानायला काही आधार नाही. बरेच लोक आलेच नाहीत.

आधीच दाखल असलेला रुग्ण

सगळ्यात अवघड पक्षाघात म्हणजे रुग्णालयातच झालेला. ऐकायला विचित्र वाटेल, रुग्णालयात असताना तर लगेच कळायला हवं! पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गुंगीचं औषध चालू असतं. तो बोलत नाही, हात हलवत नाही, आणि हलवायला सांगितलं तरी हलवणार नाही. अशा माणसाची उजवी बाजू गेली तर कळणार कशी? आयसीयूतली अनुभवी परिचारिका काय बघते ते सांगतो. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, नजर एकाच बाजूला खेचलेली आहे का, नळी साफ करताना ठसका लागला की दोन्ही हात आक्रसतात की एकच. नखावर दाब दिला की एक पाय मागे येतो आणि दुसरा तसाच राहतो, एवढ्यावरून स्कॅन करायचं ठरतं. रोज काही वेळ गुंगी कमी करून बघणं शक्य असेल तर फार उपयोगी पडतं. नाहीतर रुग्ण बरा होऊन व्हेंटिलेटर निघाल्यावर, गुंगी उतरल्यावर कळतं की एक बाजू कधीच गेलेली आहे, आणि कधी गेली ते कुणालाच माहीत नसतं.

याशिवाय गंभीर संसर्गात मेंदूच्या शिरांमध्येही, म्हणजे मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये, गुठळी होऊ शकते. तिथे झटका अचानक येण्याऐवजी डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाते, उलट्या होतात, कधी फिट येते. त्यावरचा उपचार वेगळा, हेपरिनचा. त्यामुळे आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी संसर्गानंतर चिवटपणे राहिली तर तिला सायनस म्हणून सोडून देऊ नये.

ताप, साखर आणि एक घोट पाणी

इंजेक्शन आणि नळीच्या उपचारांभोवती इतकी चर्चा होते की त्यानंतरच्या तीन दिवसांकडे लक्षच जात नाही. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, विशेषतः श्वसनसंसर्ग असलेल्या रुग्णासाठी.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९ पक्षाघात कक्षांत एक चाचणी झाली, २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. परिचारिकांनी पहिल्या तीन दिवसांत तीनच गोष्टी काटेकोरपणे करायच्या होत्या. ताप नियमित मोजायचा आणि ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त भरला की पॅरासिटामॉल द्यायचं. साखर मोजून ताब्यात ठेवायची. आणि गिळता येतंय की नाही हे तपासल्याशिवाय तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. तीन महिन्यांनी बघितलं तर नेहमीची काळजी मिळालेल्यांपैकी ५८ टक्के लोक दगावले होते किंवा परावलंबी होते. या कक्षांत ते प्रमाण ४२ टक्के होतं.

संसर्ग असलेल्या रुग्णात या तिन्ही गोष्टी दुप्पट लागू पडतात. ताप तर आधीचाच आहे, आणि तापलेल्या मेंदूला ऑक्सिजन जास्त लागतो. ऑक्सिजनची गरज असलेल्या कोविडच्या रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं तर जीव वाचण्याची शक्यता वाढते, हे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवलं, पण त्याच औषधाने साखर चढते. आणि गिळण्याचं म्हणाल तर पक्षाघाताने घशाचे स्नायू कमजोर झालेल्या माणसाला प्रेमाने पाजलेला एक घोट पाणी थेट श्वासनलिकेत जातो. आधीच सुजलेल्या फुप्फुसात त्याचा न्यूमोनिया होतो. तपासणी अगदी साधी असते. रुग्णाला ताठ बसवतात, चमच्याने थोडं पाणी देतात, खोकला येतो का, आवाज ओलसर होतो का ते ऐकतात. ती होईपर्यंत उशाशी बसलेल्या नातेवाइकाने पाणी, औषधाची गोळी, काहीच देऊ नये.

औषधांच्या बाबतीत एक सावधगिरी. कोविडवरच्या निरमॅट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर या गोळ्यांमधला रिटोनाव्हिर यकृतात इतर औषधांचा निचरा अडवतो. रिव्हारोक्साबान, एपिक्साबानसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची रक्तातली पातळी वाढून रक्तस्राव होऊ शकतो. प्लेटलेट चिकटू न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलचं उलटं होतं, ते नीट काम करेनासं होतं. काही स्टॅटिनही, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं, त्या दिवसांत थांबवावी लागतात. आधी पक्षाघात झालेल्यांपैकी बहुतेक जण यांतलं काही ना काही घेत असतात, त्यामुळे विषाणूविरोधी गोळ्या सुरू करण्याआधी चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांसमोर ठेवायलाच हवी.

फिजिओथेरपी आणि बोलण्याचे व्यायाम विलगीकरणात असतानाही सुरू करता येतात. साथीच्या काळात ते पुष्कळ ठिकाणी लांबले आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. मेंदू पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त शिकतो.

घरी काय करता येईल

तापाच्या रुग्णाला दिवसातून दोन-तीनदा बोलतं करा. हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरायला सांगा, एखादं पूर्ण वाक्य म्हणायला लावा. अशक्तपणा दोन्ही बाजूंना येतो. एकच हात खाली घसरत असेल, एकाच बाजूचा चेहरा ओघळला असेल, शब्द बोबडे किंवा असंबद्ध येत असतील, तर तो अशक्तपणा समजू नका आणि त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवा. फोनवरच ताप-खोकला असल्याचं सांगा, म्हणजे पथक तयारीनिशी येईल. शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ कागदावर लिहून घ्या. सगळे उपचार त्या वेळेपासून मोजले जातात, लक्षणं लक्षात आली त्या वेळेपासून नाही. लक्षणं दहा-पंधरा मिनिटांत आपोआप गेली तरी जायचंच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो आणि पहिले दोन दिवस त्यात सगळ्यात धोक्याचे असतात.

लसीबद्दल शंका असतात म्हणून सांगतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ४१ लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फ्लूची लस घेतलेल्यांमध्ये पक्षाघाताचा धोका कमी दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, लस घेणारे लोक एरवीही तब्येत जास्त जपत असतील, त्यामुळे सगळं श्रेय लसीला देता येत नाही. कोविडच्या काही लसींनंतर मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी झाल्याची विरळ उदाहरणं खरी आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. पण इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीत लसीनंतरच्या पक्षाघाताचा धोका आणि संसर्गानंतरचा धोका शेजारी ठेवले, तेव्हा संसर्गानंतरचा कितीतरी मोठा निघाला.

आणि ज्यांना रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या किंवा एट्रियल फिब्रिलेशनच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. तापात जेवण जात नाही म्हणून अनेक जण सगळ्याच गोळ्या परस्पर बंद करतात. रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं नेमक्या त्याच दिवसांत. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उपाशीपोटी कमी कराव्या लागू शकतात, पण त्या कोणत्या आणि किती ते डॉक्टरांना फोन करून विचारावं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नये.